रॉयवादी म्हणजे काय रे भाऊ?

मराठी पुस्तकांच्या मागच्या पानावर लेखकाची ओळख छापतात ना, तिथे हा शब्द मी पहिल्यांदा वाचला. जन्म अमुक, शिक्षण तमुक आणि मग एक त्रोटक ओळ : काही काळ रॉयवादी. कोण रॉय, कसला वाद, काही खुलासा नाही. वाचणाऱ्याला माहीतच असणार, असं गृहीत धरलेलं. मला माहीत नव्हतं. मी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होतो आणि इतिहासाशी शेवटचा संबंध दहावीच्या बोर्डाच्या पेपरात आला होता. शब्द बाजूला ठेवून दिला झालं.

पण नंतर तो शब्द पाठच सोडेना. मराठी विश्वकोशाचे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी? रॉयवादी. मुंबई हायकोर्टाचे न्यायमूर्ती वि. म. तारकुंडे? रॉयवादी. 'लोकसत्ता'चे संपादक ह. रा. महाजनी? रॉयवादी. कामगार चळवळीचा इतिहास लिहिणारे व्ही. बी. कर्णिक आणि रेल्वे कामगारांच्या पुढारी मणिबेन कारा? तेही रॉयवादीच. आता मला सांगा, वाईचा संस्कृत पंडित, हायकोर्टाचा न्यायाधीश, वर्तमानपत्राचा संपादक आणि रेल्वे युनियनच्या बाई, ही सगळी माणसं एका शब्दात बसतात कशी? गेले तीन-चार वीकेंड मी याच नादात घालवलेत. जे हाती लागलं ते सांगतो.

आधी या 'वादी' प्रकरणाबद्दल. समाजवादी विचारांच्या जगात माणसाच्या आडनावाला शेपूट जोडून शब्द पाडायची जुनी खोड आहे. मार्क्सवादी, लेनिनवादी, ट्रॉट्स्कीवादी, आपल्याकडे लोहियावादी. गंमत म्हणजे हे शब्द बरेचदा भक्त नाही, विरोधक तयार करतात. 'मार्क्सवादी' हा शब्दसुद्धा सुरुवातीला बाकुनिनच्या गोटातून टोमणा म्हणून आला आणि मग मार्क्सच्या बाजूच्या लोकांनी तो बिल्ल्यासारखा छातीवर लावला. खुद्द मार्क्स फ्रान्समधल्या आपल्या उत्साही अनुयायांना वैतागून म्हणाला होता की हे जर मार्क्सवादी असतील तर मी तरी मार्क्सवादी नाही. ही आठवण एंगल्सने नोंदवून ठेवलेली आहे.

दुसरी गंमत. यातली कित्येक आडनावं खरी नाहीतच! लेनिनचं मूळ आडनाव उल्यानोव, ट्रॉट्स्कीचं ब्रोनस्टाईन, स्टालिनचं जुगाश्विली. पोलीस मागे लागलेले असताना घेतलेली टोपणनावं ही. म्हणजे आपल्या भाषेत सांगायचं तर लॉगिन आयडी. आणि त्या लॉगिन आयडीवरून जगभर पक्ष, पंथ, शिव्या आणि शिक्षा तयार झाल्या.

आपला रॉयही त्यातलाच. मानवेंद्रनाथ रॉय यांचं खरं नाव नरेंद्रनाथ भट्टाचार्य. जन्म १८८७, बंगाल. बाघा जतीन यांच्या क्रांतिकारक गटातला हा पोरगा. पहिल्या महायुद्धात जर्मनांकडून शस्त्रं मिळवायची म्हणून १९१५ मध्ये देशाबाहेर पडला. शस्त्रं काही मिळाली नाहीत आणि बाघा जतीन त्याच वर्षी बालासोरच्या चकमकीत गेले. हा मात्र देशोदेशी वेषांतर करत, 'फादर मार्टिन' नावाच्या पाद्र्याचं सोंग घेऊन १९१६ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला उतरला. तिथून जवळ स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या आवारात धनगोपाळ मुखर्जी या मित्राच्या सल्ल्याने त्याने जुनं नाव टाकलं आणि एम. एन. रॉय झाला. आज आपले मित्र एमएस करायला जातात त्याच गावात हे बारसं झालं बरं का. पुढे मरेपर्यंत तेच नाव राहिलं.

त्यानंतरचा प्रवास एखाद्या सिनेमात दाखवला तर आपण म्हणू, काहीही! न्यूयॉर्कच्या पब्लिक लायब्ररीत बसून मार्क्स वाचला. १९१७ मध्ये मेक्सिकोत पोहोचला आणि १९१९ मध्ये तिथल्या कम्युनिस्ट पक्षाच्या संस्थापकांपैकी एक झाला. १९२० मध्ये मॉस्कोत कॉमिन्टर्नच्या दुसऱ्या काँग्रेसमध्ये लेनिनशी वाद घातला. लेनिनचं म्हणणं असं की गुलाम देशांत कम्युनिस्टांनी तिथल्या मध्यमवर्गीय राष्ट्रवादी चळवळीला साथ द्यावी. तेहतीस वर्षांचा रॉय म्हणाला, त्यांच्यावर फार विसंबू नका, ते आपल्या वर्गाचं हित आलं की माघार घेतील. कामकरी आणि शेतकरी यांची स्वतंत्र संघटना उभी करा. शेवटी दुरुस्त्या करून दोघांचेही मसुदे मंजूर झाले. त्याच वर्षी १७ ऑक्टोबरला ताश्कंदमध्ये भारतीय कम्युनिस्ट पक्षाची स्थापना झाली, त्यातही रॉय पुढे. मग १९२७ ची चीनमधली अपयशी कामगिरी, स्टालिनशी बिनसणं आणि १९२९ मध्ये कॉमिन्टर्नमधून हकालपट्टी.

आणि इथून 'रॉयवादी' हा शब्द तापायला लागतो. कॉमिन्टर्नच्या बोलीत हकालपट्टी झालेल्या माणसाचं आडनाव म्हणजे रोगाचं नाव. ज्याच्या नावापुढे ते लागलं तो फितूर. त्याच्याशी वाद घालायची गरज नाही, लेबल चिकटवलं की काम संपलं. (आजही हे तंत्र चालू आहेच, फक्त आडनावं बदलली.)

डिसेंबर १९३० मध्ये रॉय 'डॉ. महमूद' या नावाने गुपचूप भारतात परतला आणि इथून गोष्ट आपल्या मुंबईत येते. कर्णिक, मणिबेन कारा वगैरे तरुण मंडळी त्याच्याभोवती जमली. हा काळ मुंबईच्या गिरण्यांतल्या मोठ्या संपांनंतरचा. गिरणी कामगार युनियनमध्ये दोन तट पडलेले, आयटक फुटलेली. १९३१ मध्ये आयटक पुन्हा फुटली आणि देशपांडे-रणदिवे गटाने लाल आयटक वेगळी काढली. रॉयच्या लोकांचं म्हणणं होतं की कामगारांची संघटना एकच हवी, ती कुठल्याही पक्षाची शेपटी नको आणि कामगारांनी काँग्रेसच्या बाहेर राहून चालणार नाही, आत शिरून तिला डावीकडे ओढलं पाहिजे. कॉमिन्टर्नची त्या वेळची लाईन बरोबर उलटी होती. तेव्हा 'रॉयवादी' ही शिवी ठरली यात नवल नाही.

२१ जुलै १९३१ ला पहाटे पोलिसांनी त्याला मुंबईत पकडलं. १९२४ च्या कानपूर कटाच्या खटल्यात तो गैरहजर आरोपी होता. आपले श्रीपाद अमृत डांगे त्याच खटल्यात शिक्षा भोगून आलेले. रॉयला १२ वर्षांची शिक्षा झाली, अपिलात ती ६ वर्षांवर आली. २० नोव्हेंबर १९३६ ला सुटला आणि महिनाभरात कुठे गेला असेल? फैजपूरला! जळगाव जिल्ह्यातलं फैजपूर. डिसेंबर १९३६, खेड्यात भरलेलं काँग्रेसचं पहिलं अधिवेशन, अध्यक्ष नेहरू. लेनिनशी वाद घालून आलेला माणूस खानदेशच्या थंडीत मांडवात बसलाय, हे दृश्य माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही.

पुढच्या काही वर्षांत आपल्याकडची खरी रॉयवादी फळी तयार झाली. तर्कतीर्थांचं बघा. धुळे जिल्ह्यातल्या पिंपळनेरला जन्म, वाईच्या प्राज्ञपाठशाळेत वेदान्त शिकलेले. अस्पृश्यतेला शास्त्राचा आधार नाही हे सांगायला गांधीजींच्या बाजूने उभे राहिलेले. १९३३ मध्ये पुण्यात गांधीजींच्या मुलाचं, देवदासचं, आंतरजातीय लग्न लागलं त्याचं पौरोहित्य यांनीच केलं. आणि हा माणूस पुढे रॉयचा सहकारी, नास्तिकतेकडे झुकलेला. तारकुंडे सासवडचे. लंडनहून बॅरिस्टर होऊन पुण्यात वकिली करणारे, आसपासच्या खेड्यांत काम करणारे. १९४२ मध्ये वकिली सोडून रॉयच्या पक्षाचे पूर्णवेळ कार्यकर्ते झाले.

वकिली सोडायला काळ कोणता निवडला बघा : १९४२! इथे गोष्टीतला सगळ्यात अवघड भाग येतो. हा टाळून रॉयवाद्यांबद्दल लिहिणं अप्रामाणिकपणा होईल.

सप्टेंबर १९३९ मध्ये महायुद्ध सुरू झालं. रॉयने जर्मनीत राहून नाझी वर येताना पाहिले होते. त्याचं म्हणणं साधं होतं. हे युद्ध इंग्लंड आणि जर्मनीचं नाही, फॅसिझम आणि माणुसकीचं आहे. फॅसिझम जिंकला तर भारताचं स्वातंत्र्य वगैरे सगळं कायमचं संपलं. फॅसिझम हरला तर साम्राज्य आपोआप मोडकळीला येईल. म्हणून युद्धाला विनाअट पाठिंबा. १९४० मध्ये मौलाना आझाद यांच्याविरुद्ध काँग्रेस अध्यक्षपदाची निवडणूक लढवली, मतं पडली १८३. मग काँग्रेसबाहेर पडून त्याच वर्षी रॅडिकल डेमोक्रॅटिक पार्टी काढली, १९४१ मध्ये इंडियन फेडरेशन ऑफ लेबर ही कामगार संघटना. कम्युनिस्टांनीही पुढे युद्धाला लोकयुद्ध म्हटलं, पण ते हिटलरने जून १९४१ मध्ये रशियावर हल्ला केल्यावर. रॉय पहिल्या दिवसापासून म्हणत होता.

आता आज मागे वळून बघितलं तर हिटलरबद्दल तो बरोबर होता, हे कोण नाकारेल? युद्धानंतर दोन वर्षांत इंग्रज गेले, तेही त्याच्या भाकिताशी जुळलं. पण ऑगस्ट १९४२ मध्ये सातारा पेटलेला, पुण्या-मुंबईतली पोरं भूमिगत, आणि हे लोक कारखान्यांच्या दारात सांगतायत की संप करू नका, उत्पादन थांबवू नका. वर फेडरेशनला युद्धप्रचारासाठी सरकारकडून दरमहा १३,००० रुपये मिळत होते. लपूनछपून नाही, मध्यवर्ती कायदेमंडळातही त्याची चर्चा झाली. पण झालं ते झालं. 'रॉयवादी' या शब्दाला आधी मॉस्कोने फितुरीचा वास दिला होता, आता देशानेही दिला.

माझं मत विचाराल तर, युद्धाला पाठिंबा ही चूक नव्हती. पैसे घेणं ही होती. कामगारांची संघटना कुणाचीही शेपटी नको हे ज्यांचं पहिलं वाक्य, त्यांनी सरकारी तिजोरीतून महिन्याला रक्कम घेतली की त्या वाक्याला काय किंमत उरते? प्रचार तोच, माणसं तीच, हेतूही प्रामाणिक असेल. पण गेटवर ऐकणाऱ्या कामगाराने तुमचा हेतू कशावरून ओळखायचा? तो पावती बघणार.

तरी याच काळात या लोकांनी एक काम असं केलं, जे आपण पिंपरी-चिंचवडच्या लोकांनी तरी माहीत करून घ्यायला हवं. १९४४ मध्ये टाटा, बिर्ला वगैरे आठ जणांनी 'बॉम्बे प्लॅन' मांडला. १५ वर्षं, १०,००० कोटी रुपये, भर अवजड उद्योगांवर. त्याला उत्तर म्हणून फेडरेशनच्या समितीने, म्हणजे बॅनर्जी, गोवर्धन पारीख आणि आपले सासवडचे तारकुंडे यांनी, 'पीपल्स प्लॅन' काढला. १० वर्षं, १५,००० कोटी. भर शेतीवर आणि रोजच्या वापराच्या वस्तूंवर. युक्तिवाद असा : देशात बहुसंख्य लोकांच्या खिशात पैसाच नाही, तर कारखाने माल बनवून विकणार कुणाला? आधी शेतकऱ्याचं उत्पन्न वाढवा, त्याच्या अंगावर कपडा आणि घरात भांडी येऊ द्या, त्या मागणीतून उद्योग उभे राहतील. जमीन आणि मोठे उद्योग समाजाच्या मालकीचे.

देशाने साधारण पहिली वाट धरली, मात्र अवजड उद्योगांत सरकार स्वतः उतरलं. आमचा पट्टा या वाटेवरचाच मुक्काम. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, सरकारी. १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली, त्याच दशकात आकुर्डीत बजाज आली आणि पिंपरीत टेल्को, मग पुढच्या काळात चाकण. माझ्यासारख्या हजारो घरांच्या पोटात याच कारखान्यांची भाकरी गेलीये, तेव्हा ही वाट चुकली म्हणायला माझी जीभ रेटत नाही. पण सकाळी चाकणकडे जाणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये पर्मनंट, कंत्राटी आणि ट्रेनी अशी तीन प्रकारची माणसं शेजारी शेजारी बसून एकाच लाईनवर काम करायला जातात. त्यातल्या कंत्राटी माणसाला तो बनवत असलेली गाडी कधी परवडणार, हा प्रश्न पडला की मला १९४४ चा तो युक्तिवाद आठवतो. खिशात पैसा नाही तर माल घेणार कोण?

असो. गोष्टीचा शेवट अजून बाकी आहे आणि तोच मला सगळ्यात जास्त आवडतो.

१९४६ च्या निवडणुकीत रॉयचा पक्ष साफ झोपला. कुणीही म्हणालं असतं, संघटना बांधू, पुढच्या वेळी बघू. रॉयने उलट विचार केला. त्याने बावीस सूत्रं मांडली आणि त्यातून निघालं ते असं की पक्ष नावाची चीजच लोकांच्या हातातून सत्ता काढून घेते. लोकांच्या वतीने विचार करणारा पक्ष आला की लोक विचार करणं सोडतात. डिसेंबर १९४८ मध्ये कलकत्त्याला या लोकांनी स्वतःचा पक्ष ठराव करून बरखास्त केला. फूट पडली नाही, बंदी आली नाही. आपणहून शटर खाली ओढलं. त्याच महिन्यात फेडरेशनही दुसऱ्या एका समाजवादी संघटनेत मिसळून हिंद मजदूर सभा झाली. मार्क्सवादही मागे पडला, आता नाव होतं नवमानवतावाद. २५ जानेवारी १९५४ ला देहरादूनमध्ये रॉय वारला.

म्हणजे बघा काय त्रांगडं झालं. माणसाने माणसाचा अनुयायी होऊ नये, प्रत्येकाने स्वतःच्या डोक्याने विचार करावा, असं म्हणणारा गट. आणि जगाने त्याला ओळखलं एका माणसाच्या आडनावाने. तेही खोट्या. त्यांनी स्वतःला रॅडिकल म्हणवून घेतलं, मानवतावादी म्हणवून घेतलं, मराठीत मात्र शब्द टिकला तो 'रॉयवादी'च.

मग पक्ष नसलेल्या वादी लोकांनी पुढे काय केलं? तर्कतीर्थांना 'वैदिक संस्कृतीचा विकास' या ग्रंथासाठी १९५५ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, मराठीतला पहिलाच. मग ते विश्वकोश करत बसले. ज्ञान मराठीत आलं तरच सामान्य माणूस स्वतःच्या डोक्याने विचार करणार ना? मला तरी विश्वकोशाचे ते जाडजूड खंड याच हट्टाचे वाटतात. तारकुंडे १९५७ ते १९६९ हायकोर्टात न्यायाधीश होते. मग आणीबाणी आली तेव्हा जयप्रकाश नारायण यांच्यासोबत १९७६ मध्ये नागरी हक्कांची संघटना उभी केली आणि १९७७ मध्ये आंध्रातल्या चकमकींत नक्षलवादी म्हणून मारल्या गेलेल्यांच्या चौकशीची समिती चालवली. ज्या कम्युनिस्टांनी रॉयवाद्यांना आयुष्यभर शिव्या दिल्या, त्यांच्याच अतिडाव्या भावंडांच्या जिवाचा हिशेब हा रॉयवादी मागत होता. मणिबेन कारा शेवटपर्यंत रेल्वे कामगारांत राहिल्या. कर्णिकांनी संपांचा इतिहास लिहिला आणि रॉयचं चरित्रही.

सत्ता एकाच्याही हाती आली नाही. एक आमदार निवडून आणायची ताकद नव्हती. पण विश्वकोश आणि नागरी हक्कांची चळवळ या दोन गोष्टी महाराष्ट्रातून वजा करून बघा.

आता शेवटचं, आमच्या पट्ट्याचं. इथल्या कारखान्यांच्या गेटवर आज कुठल्या विचारवंताचं आडनाव दिसत नाही. बहुतेक ठिकाणी इंटर्नल युनियन, म्हणजे त्या कंपनीच्या कामगारांचीच, बाहेरचा नेता नको, पक्ष नको. तीन-चार वर्षांनी पगारवाढीचा करार केला की मोकळे. एका अर्थी रॉयवाद्यांचं पहिलं वाक्य इथे खरं झालंय, संघटना कुणाची शेपटी नाही. पण दुसरं? १९८९ मध्ये टेल्कोचे कामगार राजन नायर यांच्यामागे शनिवारवाड्यावर उपोषणाला बसले, तेव्हा सगळं एका माणसाभोवती उभं होतं. पोलिसांनी मध्यरात्रीनंतर उचललं आणि लढा विरला. २०१३ मध्ये बजाजच्या चाकण प्लांटमधला संप ५० दिवस चालला. त्यात एक मागणी अशी होती की कामगारांना कंपनीचे शेअर सवलतीत द्या. लोक हसले होते त्या मागणीवर. शेअर काही मिळाले नाहीत. मला मात्र ती मागणी १९४४ च्या प्लॅनची लांबची पुतणी वाटते. गाडी आम्ही बनवतो तर मालकीत आम्ही कुठे, हा प्रश्न कुणा रॉयला न वाचता चाकणच्या पोरांना पडला.

आणि आपण आयटीवाले? आपल्याला वाटतं 'कामगार' हा शब्द आपला नाही. बेंचवर बसवलं, एचआरने बोलावून राजीनामा टाईप करायला लावला की मग रात्री अकराला मित्राला फोन करून विचारायचं, यार, कुणाकडे जायचं असतं अशा वेळी? हा फोन मी घेतलेला आहे. उत्तर माझ्याकडे नव्हतं. विचार स्वतःच्या डोक्याने करायचा, हे रॉयचं मला शंभर टक्के पटतं. पण स्वतःच्या डोक्याने विचार करणारी माणसं एकत्र कशी बांधायची, ते त्यालाही जमलं नाही, त्याने पक्ष बंद केला. तिथून पुढचं काम अजून कुणी हातात घेतलेलं मला तरी दिसत नाही.

बघा, तुमच्या घरातल्या जुन्या पुस्तकांवर कुठे हा शब्द सापडतो का. सापडला तर तो माणूस १९४८ नंतर काय करत होता, तेवढं शोधा. खरी गोष्ट तिथून सुरू होते.